वर्ड आपोआप कॅपिटल करतंय? ते बंद करायची पद्धत, आणि कृतिदेववाल्यांनी तर आधी हेच करा

वर्डमध्ये इगतपुरी टाइप केलं आणि स्पेस दाबल्या दाबल्या त्याचं ठगतपुरी झालं, असं तुमच्याकडे होत असेल तर फाँट खराब नाहीये, कीबोर्ड पण खराब नाहीये आणि फॉरमॅट मारायची तर अजिबात गरज नाहीये. वर्डला वाटतं तुम्ही इंग्रजी लिहिताय, म्हणून तो ओळीचं पहिलं अक्षर स्वतःहून कॅपिटल करतो, बस एवढंच. इंग्रजीत ते बरं वाटतं पण कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये कॅपिटल म्हणजे दुसरंच अक्षर असतं ना, मग सगळा घोळ.

नाशिकला सीबीएस म्हणजे जुन्या बस स्टँडजवळ, कोर्टाच्या आसपास टायपिंगवाल्यांकडे कामाला लागलेली नवीन पोरं, मुक्त विद्यापीठाचा प्रोजेक्ट घरी टाइप करणारे, सोसायटीची नोटीस टाइप करायचं काम ज्यांच्या गळ्यात पडलंय असे काका, या सगळ्यांना हे कधी ना कधी आडवं येतंच. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. घाई असेल तर खाली वर्डच्या स्टेप्स आहेत तिथे डायरेक्ट जा, पण कारण कळलं तर पुढच्या वेळी कोणाला फोन करावा लागणार नाही.

तर आधी कारण. कृतिदेव हा फाँट कॉम्प्युटरच्या दृष्टीने इंग्रजीच आहे. तुम्ही स्मॉल बी दाबता, फाइलमध्ये स्मॉल बी च सेव्ह होतो, फक्त फाँट त्या जागी इ चं चित्र दाखवतो. कॅपिटल बी च्या जागी त्याच फाँटमध्ये ठ चं चित्र आहे. आता वर्डने ओळीच्या सुरुवातीचा स्मॉल बी उचलून कॅपिटल केला की इ चा ठ झाला, इगतपुरीचं ठगतपुरी आणि इमारतीचं ठमारत. तसंच अ आहे स्मॉल व्ही वर आणि ट कॅपिटल व्ही वर, म्हणून पत्राच्या शेवटी नवीन ओळीवर आपला विश्वासू लिहिलं की टापला विश्वासू होतं. उमेदवारचं डमेदवार, दुकानचं छुकान, हजरचं ळजर, रविवारचं श्रविवार. आणि पहिली वेलांटी ज्यांना आहे असे शब्द, म्हणजे दिनांक, निवेदन, विनंती, यांची तर वेलांटीच गायब होते आणि तिथे अर्धा थ येऊन बसतो, कारण कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप करतात आणि त्याच बटणाचं कॅपिटल म्हणजे अर्धा थ. अर्जाची सुरुवातच दिनांकने होते, त्यामुळे पहिल्याच ओळीला तोंड फुटतं.

हे असले चुकीचे शब्द निदान डोळ्यात भरतात तरी. खरा धोका वेगळा आहे. कृतिदेवमध्ये बऱ्याच अक्षरांचं कॅपिटल म्हणजे त्याच अक्षराचा अर्धा भाग, आणि त्याच्यापुढे काना आला की दोन्ही मिळून दिसायला पूर्ण अक्षर होतं पण काना मात्र खर्ची पडतो. मग नाशिकचं नशिक, मालेगावचं मलेगाव, लासलगावचं लसलगाव. आणि नांदगावचं होतं नंदगाव! हे नंदगाव प्रूफ वाचताना कोणाला दिसणारे सांगा, वाचणाऱ्याला वाटणार असेल एखादं गाव. शपथपत्रात, सातबाऱ्याच्या अर्जात गावाचं नाव असं बदललं तर परत स्टॅम्प, परत प्रिंट, परत लाइन. म्हणून मी म्हणतो की मराठी फाँट टाकल्यावर पहिलं काम हे, बाकीचं नंतर.

अजून एक गंमत सांगतो, ही कळली की बरीच कोडी सुटतात. बरेच जण विचारतात की हे फक्त ओळीच्या सुरुवातीलाच का होतं, मधल्या वाक्यांना का नाही होत. कारण कृतिदेवमध्ये पूर्णविराम टिंबाच्या बटणावर नाहीच, तो आडव्या रेघेच्या बटणावर आहे, आणि टिंबाच्या बटणावर आहे अर्धा ण. म्हणजे तुम्ही वाक्य संपवता तेव्हा वर्डला दिसते आडवी रेघ, त्याला वाक्य संपलं हे कळतच नाही. त्याला कळतो फक्त एंटर. म्हणून पॅराग्राफचा पहिला शब्द आणि टेबलच्या खान्यातला पहिला शब्द हेच दोन बळी. नुसतं साधं पत्र असेल तर चार पाच चुका, पण नावांची यादी टेबलमध्ये केली असेल तर प्रत्येक खान्यात एक चूक होऊ शकते.

बरं आता बंद कसं करायचं. त्याआधी एक छोटी टेस्ट करून घ्या. ब्राउझर उघडा आणि वरती ॲड्रेस बारमध्ये काहीपण इंग्रजी टाइप करा. तिथे पण कॅपिटल येत असेल तर कॅप्स लॉक चालू आहे किंवा शिफ्टचं बटण अडकलंय, मग सेटिंग शोधत बसू नका, कीबोर्ड उलटा करून झटका. तिथे सगळं स्मॉल येतंय आणि फक्त वर्डमध्येच पहिलं अक्षर बदलतंय तर मग पुढे वाचा.

विंडोजवरचं वर्ड. वर डाव्या कोपऱ्यात फाइल, त्यात सगळ्यात खाली ऑप्शन्स. लहान स्क्रीनवर ऑप्शन्स दिसत नाही, मोअर मध्ये लपलेलं असतं, तिथे बघा. ऑप्शन्सची खिडकी उघडली की डाव्या बाजूला प्रूफिंग, आणि प्रूफिंगमध्ये वरतीच एक बटण आहे ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. ते दाबलं की अजून एक खिडकी येते, तिच्यात वर चार पाच टॅब असतात, त्यातला ऑटोकरेक्ट नावाचा टॅब निवडा. इथे टिक केलेले चौकोन एकाखाली एक दिसतील.

यातला कॅपिटलाइज फर्स्ट लेटर ऑफ सेंटेन्सेस हा आपला मुख्य आरोपी. त्याची टिक काढा. नव्वद टक्के लोक इथेच ओके दाबून बाहेर पडतात आणि मग टेबल करताना परत बोंब मारतात, कारण त्याच्याच खाली कॅपिटलाइज फर्स्ट लेटर ऑफ टेबल सेल्स अशी वेगळी टिक आहे. ती पण काढा. हे दोन वेगळे आहेत, एक काढली म्हणून दुसरी जात नाही.

मग या दोन्हींच्या वरती जी टिक आहे, करेक्ट टू इनिशियल कॅपिटल्स, ती इंग्रजीवाल्यांनी ठेवली तरी चालते, घाईत शिफ्ट जास्त वेळ दाबलं जाऊन पहिली दोन अक्षरं कॅपिटल पडली तर ती दुरुस्त करते. पण कृतिदेववाल्यांनी ही पण काढायचीच. कारण स्थावर, स्थानिक, स्थापना असल्या शब्दांत अर्धा स आणि त्याला लागून थ येतो, ही दोन्ही बटणं कॅपिटलची. वर्डला वाटतं तुमच्याकडून चुकून दोन कॅपिटल पडली, तो दुसरं स्मॉल करतो आणि थ च्या जागी वेलांटी येऊन बसते. स्थावर मालमत्ता हा शब्द खरेदीखतात किती वेळा येतो ते टायपिंगवाल्याला विचारा.

वारांची नावं कॅपिटल करायची टिक आहे, तिचा मराठीला काही त्रास नाही, राहू द्या. खाली रिप्लेस टेक्स्ट ॲज यू टाइप म्हणून अजून एक चौकोन आहे आणि त्याच्याखाली एक लांबलचक यादी. ही इंग्रजी स्पेलिंगच्या चुका परस्पर सुधारते, इंग्रजीत उपयोगाची आहे. पण कृतिदेव म्हणजे वर्डसाठी नुसती विचित्र स्पेलिंगच, कधी कुठला शब्द यादीत सापडेल आणि बदलेल सांगता येत नाही, त्यामुळे फक्त मराठी टायपिंगचं मशीन असेल तर ही पण बंद. मशीन दोन्ही कामाला वापरत असाल तर चालू ठेवा आणि प्रूफ नीट वाचा.

त्याच खिडकीत शेजारी ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप असा टॅब आहे. इथे पहिलीच टिक असते सरळ अवतरण चिन्हं गोल करायची, स्ट्रेट कोट्स आणि स्मार्ट कोट्स असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे कॅपिटलचं प्रकरण नाही पण आलाच आहात तर काढून टाका, कारण कृतिदेवमध्ये श आणि ष हे त्या कोटच्या बटणावरच आहेत. वर्डने सरळ कोट वाकडा केला की फाँटच्या हिशोबाने ते वेगळंच अक्षर झालं. नाशिकमधला श, विषयमधला ष, दोन्ही इथेच अडकतात. मग ओके, परत ओके. वर्ड बंद करून उघडायची गरज नाही, लगेच लागू होतं.

एवढी सगळी पायपीट नको असेल तर शॉर्टकट आहे, ऑल्ट दाबून टी आणि मग ए, डायरेक्ट ऑटोकरेक्टची खिडकी उघडते. एक्सेलमध्ये पण चालतो.

आणि सेटिंगला हात लावायचाच नसेल, म्हणजे दुसऱ्याचं मशीन आहे किंवा सायबरमध्ये बसलाय, तर वर्डने अक्षर बदललं की त्याच क्षणी कंट्रोल झेड दाबा. फक्त कॅपिटल उलटं होतं, तुमचा शब्द जात नाही. किंवा माउस त्या बदललेल्या अक्षरावर न्या, खाली छोटी निळी रेघ दिसते, तिच्यावर गेलं की एक बारकं बटण येतं, त्यात स्टॉप ऑटो कॅपिटलायझिंग असा ऑप्शन असतो. तो दाबला की वरचीच टिक निघते, म्हणजे सायबरवाल्याच्या मशीनवर पण कायमची निघते बरं का. सांगून करा.

सेटिंग फाइलला चिकटत नाही, मशीनला आणि तुमच्या लॉगिनला चिकटतं, यावर लोक फार गोंधळतात. घरी बंद केलं आणि फाइल पेनड्राइव्हवर घेऊन एम जी रोडला प्रिंट काढायला गेलात तर आधी टाइप केलेलं तसंच्या तसं राहील, पण तिथे बसून नवीन दोन ओळी टाकल्या तर त्या मशीनचं सेटिंग चालणार. ऑफिसात एकाच कॉम्प्युटरवर तिघांचे वेगवेगळे लॉगिन असतील तर तिघांनी आपापलं बंद करायचं.

आता बाकीचे सॉफ्टवेअर, पटापट.

एक्सेलमध्ये रस्ता तोच, फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. एक्सेल सेलमधल्या पहिल्या शब्दाला कॅपिटल करत नाही, टिंब आणि स्पेसच्या पुढचा शब्द पकडतो, त्यामुळे इथे त्रास कमी आहे. पण वर्डमध्ये बंद केलं म्हणून एक्सेल आणि पॉवरपॉइंटमध्ये झालंच असेल असं धरून चालू नका, एकदा उघडून नजर टाका. आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल, मग स्पेलिंग अँड ऑटोकरेक्ट, तिथून पुढे प्रूफिंग आणि तीच ओळखीची खिडकी.

लिब्रेऑफिसवाल्यांनी टूल्स मेनूत ऑटोकरेक्ट ऑप्शन्स उघडायचं आणि त्यात ऑप्शन्स नावाचा टॅब. रायटरमध्ये प्रत्येक ओळीपुढे दोन दोन चौकोन दिसतात, एकावर एम आणि दुसऱ्यावर टी लिहिलेलं. टी म्हणजे टाइप करताना आणि एम म्हणजे नंतर आख्ख्या फाइलवर ऑटोकरेक्ट चालवल्यावर. कॅपिटलच्या दोन्ही ओळींचे दोन्ही चौकोन रिकामे करा म्हणजे डोक्याला ताप नाही.

गूगल डॉक्समध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, जनरल टॅब, ऑटोमॅटिकली कॅपिटलाइज वर्ड्स ची टिक काढा, ओके. तिथे कृतिदेव चालतच नाही, त्यामुळे हा प्रश्न फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्यांचा किंवा मी उद्या येतो हे इंग्रजी अक्षरांत टाइप करणाऱ्यांचा.

मॅक असेल तर सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, टेक्स्ट इनपुट, तिथे एडिट दाबलं की कॅपिटलाइज वर्ड्स ऑटोमॅटिकली असा स्विच आहे. मॅकवरच्या वर्डचं मात्र वेगळं, त्याच्या स्वतःच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोकरेक्ट आहे, तिथे पण बंद करावं लागतं.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज आणि त्यात टायपिंग इथे पण कॅपिटलचा एक ऑप्शन सापडतो. लोक खूश होऊन तो बंद करतात आणि मग म्हणतात काहीच फरक पडला नाही. पडणारच नाही, तो स्क्रीनवरच्या टच कीबोर्डसाठी आहे, तुमच्या साध्या वायरवाल्या कीबोर्डशी त्याचा काही संबंध नाही.

फ्लेक्सवाल्यांसाठी एक. सिंहस्थ जवळ आला की बॅनरचा पाऊस पडतो आणि ते सगळं कोरलड्रॉमध्ये होतं. कोरलमध्ये पण हीच भानगड क्विककरेक्ट नावाने आहे, टेक्स्ट मेनूत रायटिंग टूल्स, त्यात क्विककरेक्ट. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायची टिक आणि दोन कॅपिटलवाली टिक, दोन्ही काढा. कागदावरची चूक व्हाइटनरने झाकता येते, दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर हार्दिक शुभेच्छांखाली नंदगाव छापून आलं तर काय करणार.

आता समजा फाइल आधीच टाइप झालीये आणि चुका पडल्यात. वीस पानं आहेत. सगळ्यात आधी, शिफ्ट आणि एफ थ्री ला हात लावू नका. इंग्रजीत स्मॉल कॅपिटल बदलायचा हा मस्त शॉर्टकट आहे, कोणीतरी तुम्हाला सांगेलच, पण कृतिदेवच्या मजकुरावर मारला तर आतली सगळी अर्धी अक्षरं, सगळे ट ठ ड बदलतील आणि आख्ख्या पॅराग्राफची खिचडी होईल.

चुका शोधायची सोपी युक्ती अशी की एक पॅराग्राफ सिलेक्ट करा आणि फाँट एरियल करून बघा. मराठी जाऊन इंग्रजी अगम्य अक्षरं दिसतील, त्यात पहिलं अक्षर कॅपिटल आहे का ते लगेच कळतं. टपाल, टाकळी, श्री, छत्री असल्या शब्दांचं पहिलं अक्षर मुळातच कॅपिटल असतं, ते सोडून बाकी संशयित. बघून झालं की कंट्रोल झेड, परत मराठी.

एकच शब्द सगळीकडे चुकलाय, म्हणजे यादीत प्रत्येक खान्यात नंदगाव झालंय, तर तो चुकलेला शब्द कॉपी करा, कंट्रोल एच दाबा, वरच्या फाइंडच्या डब्यात पेस्ट करा. तिथे तो इंग्रजीत दिसेल, घाबरू नका, बरोबर आहे. खालच्या डब्यात नीट टाइप केलेला शब्द पेस्ट करा. मग मोअर दाबून मॅच केस ची टिक लावा, आणि ही टिक विसरलात तर सगळी मेहनत पाण्यात, कारण मॅच केस नसेल तर वर्ड जुन्या शब्दाचं कॅपिटल नवीन शब्दाला पण लावतो, म्हणजे बदललं असं म्हणेल आणि परत नंदगावच. रिप्लेस ऑल मारायच्या आधी दोन चार ठिकाणी फाइंड नेक्स्ट करून बघा.

टायपिंगच्या क्लासला जाणाऱ्यांनी तर इंग्रजीसाठी पण हे बंदच ठेवा. क्लार्कच्या जाहिरातीत मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट मागतात, आणि परीक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्डसारखं कोणी तुमच्यासाठी शिफ्ट दाबणार नाही. घरी वर्डने कॅपिटल करून दिलं की बोटाला सवयच लागत नाही, आणि परीक्षेत प्रत्येक वाक्याला एक चूक. हे मला वाटतं सगळ्यात मोठं कारण आहे बंद करायचं, पण क्लासमध्ये फारसं कोणी सांगत नाही.

इंग्रजी पत्रव्यवहार करणाऱ्यांना मात्र सरसकट बंद करा असं मी म्हणणार नाही. सातपूर अंबडच्या कंपन्यांत दिवसभर इंग्रजी मेल लिहिणाऱ्याला हे सोयीचंच आहे. त्याचा त्रास फक्त शॉर्टफॉर्मनंतर होतो, आर एस टिंब लिहून पुढे रक्कम अक्षरी टाकली की ती उगाच कॅपिटल होते. त्यासाठी ऑटोकरेक्टच्या त्याच टॅबमध्ये एक्सेप्शन्स नावाचं बटण आहे, त्यात फर्स्ट लेटर टॅबमध्ये तुमचा शॉर्टफॉर्म टिंबासकट लिहून ॲड करा. त्याच्यापुढे वर्ड गप्प बसतो, बाकी ठिकाणी कॅपिटल चालू राहतं.

आणि जे आज नव्याने मराठी टायपिंग शिकतायत त्यांनी कृतिदेवच्या नादी न लागता युनिकोडच शिकावं हे माझं स्पष्ट मत, म्हणजे ज्यात फाइलमध्ये इंग्रजी नाही तर खरं देवनागरी अक्षरच सेव्ह होतं ती पद्धत. देवनागरीत स्मॉल कॅपिटल हा प्रकारच नाही, त्यामुळे वर्डने कितीही टिका चालू ठेवल्या तरी युनिकोडमधल्या इ चा ठ होऊ शकत नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, ॲड अ लँग्वेज, मराठी निवडा, झालं. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून इंग्रजी मराठी बदलता येतं. इन्स्क्रिप्ट, म्हणजे विंडोजचा नेहमीचा मराठी कीबोर्ड, जमत नसेल तर त्यातच मराठी फोनेटिक कीबोर्ड पण आहे, उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहायचा. ऑनलाइन फॉर्म, मेल, व्हॉट्सॲप सगळीकडे हेच चालतं, कृतिदेवचा मजकूर तिथे पेस्ट केला तर समोरच्याला नुसती एबीसीडी दिसते. जुन्या फायलींसाठी आणि ठरावीक गिऱ्हाइकांसाठी कृतिदेव ठेवावा लागतो हे मान्य, दुकान चालवायचंय तर पर्याय नाही.

शेवटी तपासणी. सगळ्या टिका काढून झाल्या की नवीन रिकामी फाइल घ्या, फाँट कृतिदेव, पहिल्या ओळीवर आपला टाइप करून स्पेस, एंटर, मग इगतपुरी आणि स्पेस, मग दोन खान्यांचं टेबल टाकून त्यात नांदगाव आणि दिनांक, आणि खाली स्थावर. पाचही शब्द जसेच्या तसे राहिले तर मशीन तयार आहे. आपला आणि इगतपुरी बरोबर पण टेबलमधलं चुकलं तर टेबल सेल्सची टिक राहिलीये, आणि फक्त स्थावर चुकलं तर दोन कॅपिटलवाली.